जावेच्या लेझरचं रीडिंग

माझी धाकटी जाऊ दातांची डॉक्टर आहे आणि मी विरारच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा माझी पीएचडी सुरू होऊन चार वर्षं झाली होती. पुढे तिने स्वतःची पीएचडी सुरू केली, संपवली, आणि त्यानंतरही माझी चालूच होती. आज हे मी सरळ लिहू शकते. तेव्हा घरात कुणी 'प्रबंध' हा शब्द काढला तरी मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि नसलेली कामं शोधायचे.

माझा विषय काचेवरच्या लेपाचा. सोलर पॅनेलच्या वर जी काच असते, तिच्यावर पडलेल्या उन्हातलं थोडं ऊन परत फिरतं आणि वाया जातं. त्या काचेला अगदी पातळ, डोळ्यांना दिसणारही नाही असा लेप दिला, तर परत फिरणारा प्रकाश कमी होतो. असे लेप पुष्कळांनी केलेत. मला बघायचं होतं ते एवढंच, की समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हा लेप किती दिवस टिकतो. त्यासाठी समुद्राजवळची उघडी गच्ची हवी होती आणि ती माझ्या सासरी आयती होती. आम्ही नवराबायको एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. भुईगावच्या घरी सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊ. घरामागे केळीची आणि सोनचाफ्याची वाडी, तिच्या पलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र. गच्चीवर एका लाकडी चौकटीत मी लेप दिलेल्या काचपट्ट्या लावून ठेवायचे. दर दुसऱ्या रविवारी त्यातल्या काही काढायच्या, कॉलेजात न्यायच्या आणि त्यांतून किती प्रकाश पार जातो ते मोजायचं.

माझी प्रयोगशाळा म्हणजे बी.एस्सी.च्या लॅबचा मागचा कोपरा. काच द्रावणात सावकाश बुडवून सावकाश वर काढणारं यंत्र मी एका जुन्या मोटरला गिअर जोडून स्वतः बनवलं होतं. त्याचा मला अभिमान होता. पण पावसाळ्यात हवेत इतका ओलावा, की लेप वाळताना दुधासारखा पांढरा व्हायचा. म्हणजे जून ते सप्टेंबर नवे लेप देणं बंद. उरलेल्या महिन्यांत परीक्षा, पेपर, आणि कॉलेजच्या तपासणीच्या फायली. मधेच माझे मार्गदर्शक निवृत्त झाले. नवे मिळाले त्यांना लेपात काडीचा रस नव्हता. "चालू ठेवा," असं ते भेटले की म्हणायचे. मी चालू ठेवत होते.

जाऊ विरारच्याच एका इमारतीत वाढलेली. फटाफट बोलणारी, वाक्यात दोन शब्द इंग्रजी, एक हिंदी. सासूबाईंशी मात्र ती वर्षभरात त्यांच्या बोलीत बोलायला लागली. 'पानी', 'कोनी' असं सगळं अगदी सहज. माझं माहेर साताऱ्याकडचं. इतक्या वर्षांत मला ते जमलं नव्हतं, माझ्या तोंडी ती बोली नक्कल केल्यासारखी वाटते. सासूबाई तिच्याशी बोलताना खुर्चीत मागे टेकून बसायच्या आणि माझ्याशी बोलताना जरा पुढे येऊन, शब्द निवडून. एवढ्याशा गोष्टीचं काय वाटून घ्यायचं? पण मी वाटून घेतलं.

सासूबाईंच्या जबड्याचं दुखणं त्याच्याही आधीचं, तिच्या लग्नाआधी सुरू झालेलं. तोंड उघडताना त्यांच्या कानापुढे कट् असा आवाज यायचा, नंतर तिथे दुखायला लागलं. आम्हाला वाटलं कान आहे. मी रजा टाकून, रिक्षाने, त्यांना कानाच्या दोन डॉक्टरांकडे नेलं. थेंब झाले, गोळ्या झाल्या, दुखणं तसंच. सासूबाईंचं सगळ्यात आवडतं खाणं सुकेळी, वाळवलेली केळी. ती चिवट असतात. ती चावणंच त्यांना जमेना. जाऊ लग्न होऊन आल्यावर महिन्याभरातली गोष्ट. तिने जेवता जेवता सासूबाईंच्या कानापुढे दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "आई, तोंड उघडा. मिटा. परत उघडा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कान नाहीये हा वहिनी, सांधा आहे. जबड्याचा जॉइंट." तिने आपल्या दवाखान्यात नेऊन त्यांना काही दिवस लेझरचा शेक दिला, व्यायाम शिकवले. महिन्याभरात सासूबाई ओट्यावर बसून सुकेळी खात होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड उघडून दाखवत होत्या. मी नेलेल्या दोन डॉक्टरांचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.

यातूनच जावेला पीएचडीचा विषय सुचला. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावर कमी शक्तीच्या लेझरचा खरोखर उपयोग होतो का. एका रविवारी मी गच्चीवरून काचपट्ट्या घेऊन खाली आले, तर ती ओट्यावर वही घेऊन बसली होती.

"वहिनी, माझं फिजिक्स बारावीलाच सुटलं. मला लेझर नीट समजवाल? अगदी पहिल्यापासून?"

ते दोन महिने फार चांगले गेले. दर रविवारी आम्ही बसायचो. प्रकाशाची तरंगलांबी म्हणजे काय, शक्ती आणि ऊर्जा यांत फरक काय, कातडीच्या आत कुठला प्रकाश किती खोल जातो. ती प्रश्न फार चांगले विचारायची. माझ्या वर्गातल्या मुलांनी इतक्या वर्षांत विचारले नाहीत असे. बॅटरीचा उजेड आणि लेझर यांतला फरक सांगायला मी माझं एक जुनं उदाहरण वापरते. शाळा सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारी पोरं म्हणजे बॅटरीचा उजेड, कसाही, कुठेही. आणि कवायतीला एका पावलाने चालणारी रांग म्हणजे लेझर. नोकरीच्या पहिल्या वर्षी, फळ्यापुढे उभी असताना मला ते सुचलं होतं. तिने ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं की मशीनच्या पडद्यावर दिसणारा आकडा धरायचा नाही. लेझरच्या टोकातून प्रत्यक्ष किती प्रकाश बाहेर पडतो ते अभ्यासाच्या सुरुवातीला आणि मधे एकदा मोजून घ्यायचं. प्रकाशाची शक्ती मोजणारं मीटर आमच्या लॅबमध्ये होतं. ती मशीन घेऊन आली, मी मोजलं. पडदा जे सांगत होता तेच मीटरही सांगत होतं. तिने आणलेल्या कागदावर मी आकडा लिहिला, सही केली, कॉलेजचा शिक्का मारला. तिने मला कँटीनमध्ये वडापाव खाऊ घातला. तिच्या अभ्यासाला सुरुवात झाली. निम्म्या पेशंटना खरा लेझर, निम्म्यांना नुसताच बंद लेझर टेकवायचा. कुणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या जावेलाही नाही, फक्त मशीन लावणाऱ्या नर्सला माहीत.

त्याच हिवाळ्यात माझ्या काचपट्ट्यांचं झालं. मी रविवारी गच्चीवर गेले तर सगळ्या पट्ट्या लख्ख. मीठ नाही, धूळ नाही, लेपही ओरखडलेला. सासूबाई मागून जिना चढून आल्या. खूश होत्या.

"त्या काचांवर खारं पानी सुकलं होतं गं. मी राखेनं घासून ठेवल्या. तुला घरी जाऊन परत धुवायला नको."

सात महिन्यांचं काम होतं ते. मी म्हटलं, "बरं केलंत." खाली आले तर जावेला हे आधीच कळलेलं होतं आणि ती हसू दाबत होती. शेवटी तिला आवरलंच नाही. हसता हसताच ती म्हणाली, "सॉरी वहिनी, खरंच सॉरी, पण राखेनं!" माझ्या नवऱ्यालाही हसू आलं. मीही हसले. घरी येताना रिक्षात मी त्या पट्ट्या मांडीवर घेऊन बसले. मला सासूबाईंचा राग आला नव्हता. तिच्या मशीनला हात लावायची घरात कुणाची हिंमत नव्हती, तिच्या फायली सासूबाई स्वतः फडक्याने झाकायच्या, आणि माझं संशोधन कुणालाही राखेने घासण्यासारखं वाटलं, हे मला झोंबलं.

पुढच्या महिन्यात भाच्याचा साखरपुडा झाला, वाडीतच मांडव घालून. जेवणं झाल्यावर कुणीतरी जावेला विचारलं, तुझं ते लेझरचं काय चाललंय? ती उभी राहून सांगायला लागली. आणि मग मला माझंच वाक्य ऐकू आलं. "समजा शाळा सुटली. पोरं फाटकातून बाहेर पडली. तो झाला टॉर्चचा लाइट." पुढे कवायतीची रांग. सगळं तसंच्या तसं, मी जिथे थांबते तिथेच थांबत. लोक माना डोलवत होते. एक मामेसासरे म्हणाले, "वा, काय सोपं करून सांगितलंस." तिने माझ्याकडे बघितलंही, हसून. पण 'हे वहिनींचं' असं काही ती म्हणाली नाही. तिला त्यात काही वेगळं सांगण्यासारखं वाटलंच नसणार. मग तेच मामेसासरे माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुमचंही काहीतरी असतं ना? काचांचं?"

"हो," मी म्हटलं. "काचांचं."

त्या दिवसापासून माझ्या आत जे सुरू झालं त्याला दुसरं नाव नाही, हेवाच तो. मी तिच्या प्रत्येक गोष्टीची तुलना करायला लागले. तिचे मार्गदर्शक तिला फोन करायचे. माझ्या मार्गदर्शकांना मी फोन करायचे आणि ते उचलायचे नाहीत. तिचे पेशंट तिला भुईगावच्या गल्लीत थांबवून बोलायचे. तिचा निबंध एका परिषदेने घेतला, तर दिरांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. मी त्याच्यावर टाळ्या वाजवणारे हात टाकले, तीन हात, आणि फोन उलटा करून ठेवला.

पावसाळा गेला आणि मधल्या मोजणीची वेळ आली. एका शनिवारी दुपारी जाऊ मशीन घेऊन लॅबमध्ये आली. मी मीटर लावलं, तिने मशीन सुरू केलं, आणि तेवढ्यात तिला एका पेशंटचा फोन आला म्हणून ती बाहेर व्हरांड्यात गेली. मी मीटरकडे बघितलं. पडद्यावरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

मला आधी वाटलं मीटर बिघडलं. मी शेजारच्या टेबलावरचा, मुलांच्या प्रयोगाचा लाल लेझर लावून बघितला. त्याचं रीडिंग मला पाठ आहे, ते बरोबर आलं. मग मी मशीन बंद करून तिच्या लेझरचं टोक उजेडात धरलं. पुढच्या छोट्या भिंगावर धुरकट, तपकिरी साय धरली होती. मी एका नजरेत ओळखलं. प्रत्येक पेशंटनंतर टोक जंतुनाशकाने पुसायचे, त्याचा थर लेझरच्या उष्णतेने भाजून काचेवर बसला होता. काचेवरचे थर हाच तर माझा विषय. आमच्या घरात फक्त मलाच ते कळलं असतं.

व्हरांड्यातून तिचं बोलणं ऐकू येत होतं. ती पेशंटला सांगत होती, "नाही नाही, घाबरू नका, मी आहे ना." समोर तिने आणलेला कागद होता. मी पेन घेतलं आणि मागच्या वेळचाच आकडा लिहिला. सही केली, शिक्का मारला.

ती आत आली. "ठीक?"

"ठीक."

मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं. पण 'चुकून झालं' असंही मी कधी म्हणू शकले नाही. पेन उचलायला आणि आकडा लिहायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात माणूस थांबू शकतो.

पुढचे दोन महिने मी स्वतःची समजूत घालत होते. कमी प्रकाशाने कुणाला इजा होत नाही. निम्म्या पेशंटना तर ती मुद्दामच बंद लेझर देते. तिचे निष्कर्ष जरा फिके येतील, एवढंच. ते फिके यावेत असं मला वाटत होतं. आणि तसं झालं. एका रविवारी ती ओट्यावर कागद पसरून बसली होती, केस विस्कटलेले, चहा गार झालेला.

"वहिनी, मला काही कळत नाहीये. पहिले पेशंट मस्त सुधारत होते. म्हणजे कुणाला काय दिलं ते मला माहीत नाही, पण काही जण फास्ट सुधारायचे. आता सगळे सेम. कुणालाच फारसा फरक नाही. माझंच काही चुकतंय का?"

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. थोडा वेळच, पण खरा आनंद. मी म्हटलं, "होतं असं. संशोधनात होतं." माझे मार्गदर्शक बोलायचे त्याच आवाजात.

भुईगावात शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या बाई चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या चमूत होत्या. त्यांचा जबडा अडकायचा, तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नसे. त्याही जावेच्या अभ्यासात होत्या. नाताळला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा पाहुण्यांपुढे ताटं भरून ठेवलेली आणि त्या स्वतः केक दुधात कुस्करून खात होत्या. "या वर्षी गायले नाही," त्या म्हणाल्या. "उगाच मध्येच अडकलं तर? पुढच्या वर्षी बघू." त्यांनी जावेच्या पाठीवरून हात फिरवला. "डॉक्टर फार मेहनत घेते हो. माझंच नशीब." जाऊ खाली बघत होती. मी केक खाल्ला.

जानेवारीत माझाच जबडा दुखायला लागला. सकाळी उठल्यावर कानापुढे ठणका, जांभई दिली की कळ. वर्गात सलग तासभर बोलणं कठीण झालं. मी कुणाला सांगणार नव्हते, पण नवऱ्याने दिरांना सांगितलं आणि जावेचा फोन आला. "वहिनी, उद्या दुपारी या. मी दुसरी अपॉइंटमेंट ठेवत नाही."

तिच्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसले. तिने हात धुतले, गरम केले आणि दोन्ही बाजूंनी माझा जबडा धरला. आमच्या घरात जावा एकमेकींना हात लावत नाहीत, सणाला नमस्कार सोडला तर. तिची बोटं हलकी होती. दाबायची, थांबायची, विचारायची, "इथे? आणि इथे?" मग तिने दात बघितले.

"झोपेत दात खाता वहिनी तुम्ही. बघा, कडा झिजल्यात." मग हसून म्हणाली, "कुणावर एवढा दात धरलाय?"

ती गंमत करत होती. तिने मला गडद चष्मा लावला आणि लेझरचं टोक माझ्या कानापुढे टेकवलं. "चार मिनिटं. दुखणार नाही. तुम्ही अभ्यासात नाही, म्हणजे तुम्हाला खराच देतेय." मशीन बारीक आवाज करायला लागलं. चष्म्यातून काही दिसत नव्हतं. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, लक्ष देऊन काम करताना माणूस घेतो तसा. चार मिनिटांतलं पहिलं मिनिटही संपलं नसेल.

"थांब," मी म्हटलं. "बंद कर ते."

"दुखतंय?"

"नाही. त्यातून निम्मापण प्रकाश येत नाहीये. पुढच्या भिंगावर थर बसलाय."

तिने मशीन बंद केलं. मी चष्मा काढला. ती टोक उजेडाकडे धरून बघत होती. "तुम्हाला कसं कळलं? आत्ता, बंद डोळ्यांनी?"

"त्या शनिवारी बघितलं. रीडिंग कमी आलं होतं. मी जुना आकडा लिहिला."

समजायला तिला वेळ लागला, कारण असं काही असू शकतं हे तिच्या मनातच नव्हतं. मग ती स्टुलावर बसली.

"मुद्दाम?"

"हो."

"का?"

उत्तर मला माहीत होतं, पण मोठ्याने बोलायला ते फार लहान वाटत होतं. मी म्हटलं, "मला तुझा हेवा वाटतो."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती. "त्या शनिवारच्या आधीचे काही पेशंट गेलेच असते," ती म्हणाली. "थर कधी बसला ते कुणाला माहीत. ते माझं नशीब. पण त्यानंतरचे सगळे तुम्ही घालवलेत, वहिनी. ही माणसं कामं सोडून आली होती." मग उठून तिने माझ्या जबड्याचं उरलेलं तपासलं. रात्री दातांवर घालायच्या प्लेटसाठी माप घेतलं. माप घेताना तिचे हात पहिल्याइतकेच हलके होते. ते मला सहन होईना.

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. खरं रीडिंग, तारीख आणि सही असं लेखी हवंय. मी पत्र लिहून भुईगावला नेलं. तिने ओट्यावर उभ्यानेच वाचलं आणि परत दिलं.

"'चुकीचा आकडा नोंदवला गेला' असं लिहिलंय. 'नोंदवला गेला' नाही, वहिनी. 'मी नोंदवला'."

मी तिथेच बसून परत लिहिलं.

ते पत्र तिच्या मार्गदर्शकांकडे गेलं, पेशंटवरच्या अभ्यासांना परवानगी देणाऱ्या समितीकडे गेलं. शिक्का कॉलेजचा होता, म्हणून मी ते आमच्या विभागप्रमुखांनाही दाखवलं. त्यांनी मला लेखी ताकीद दिली आणि यापुढे बाहेरची कुठलीही मोजणी दोघांच्या सहीनेच होईल असा नियम केला. माझ्याहून बारा वर्षांनी लहान सहकारी माझ्या आकड्याखाली सही करू लागली. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईला कळलं तर?"

मी वाट बघत होते. सासूबाईंचा फोन येईल, दिरांचा येईल. कुणाचाच आला नाही. जावेने घरात एवढंच सांगितलं होतं की मशीनमध्ये दोष निघाला, काही पेशंट पुन्हा घ्यावे लागतील. सासूबाई मला म्हणाल्या, "बिचारीचं सगळं परत करायला लागतंय गं. तू जरा मदत कर तिला." जाऊ पलीकडे केळीच्या पानावर मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

आणि मला पुन्हा हेवा वाटला. तिच्या गप्प राहण्याचाही. तिच्या जागी मी असते तर पहिल्या तासात सगळ्या भुईगावाला सांगितलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

तिने काम पुन्हा उभं केलं. भिंग बदललं. बाद झालेल्या प्रत्येक पेशंटला स्वतः फोन करून सांगितलं आणि त्यांना अभ्यासाबाहेर खरे उपचार दिले. शेजारच्या बाईंनाही. नव्या पेशंटची भरती पहिल्यापासून. आणि मोजणीसाठी ती दर सोमवारी माझ्याकडेच यायला लागली. मला वाटलं होतं ती दुसरीकडे जाईल. मी विचारलंही. "दुसरं मीटर मुंबईत आहे," ती म्हणाली. "दर आठवड्याला मशीन घेऊन कोण जाणार? आणि तुमच्याइतकं काचेतलं कुणाला कळतं?" पण मोजणी सुरू असताना ती आता फोन घेत नसे. माझ्या खांद्यामागे उभी राहून आकडा स्वतः वाचायची.

अशा सोमवारांनी वर्ष गेलं. आधी आम्ही आकड्यापलीकडे बोलत नव्हतो. मग मी एकदा तिला टोक पुसायची वेगळी पद्धत दाखवली, थर बसणार नाही अशी. ती तिने प्रबंधात घातली. माझ्या काचपट्ट्या पुन्हा गच्चीवर लागल्या होत्या. त्यांच्या चौकटीवर एक दिवस मला एक पाटी दिसली, जावेच्या अक्षरात, सासूबाईंच्या बोलीत. 'हात लावायचा नाय. पानी पन टाकायचा नाय.'

तिच्या तोंडी परीक्षेला मी मागच्या रांगेत बसले होते. निष्कर्ष फार मोठे नव्हते. लेझरने दुखणं थोडं लवकर कमी होतं, तोंड उघडण्यात मात्र व्यायामापेक्षा वेगळा फरक पडत नाही. तिने तेवढंच सांगितलं, फुगवलं नाही. एका परीक्षकाने विचारलं, पहिली तुकडी का गाळली?

"मशीन कमी प्रकाश देत होतं," ती म्हणाली. "मधल्या मोजणीचा आकडा चुकीचा दिला गेला. त्याचं पत्र परिशिष्टात आहे. पण मोजणीच्या वेळी मी स्वतः आकडा बघायला हवा होता. मी बघितला नाही, ती चूक माझी."

'दिला गेला' असं ती म्हणाली. माझ्याकडून जे तिने खोडून घेतलं होतं, ते माझ्यासाठी तिने स्वतः वापरलं. परीक्षकाने पानं उलटली, पत्र वाचलं, सही वाचली आणि पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर आल्यावर सगळे तिचं अभिनंदन करत होते. गर्दी ओसरल्यावर मी तिच्याजवळ गेले. खूप काही बोलायचं ठरवून गेले होते. तोंडून निघालं ते एवढंच. "अजून वाटतो गं मला. हेवा. गेला नाहीये तो."

तिने डॉक्टरचा पांढरा कोट घडी करून पिशवीत टाकला. "वाटू दे," ती म्हणाली. "रीडिंग खरं सांगा म्हणजे झालं."

गेल्या वर्षी मीही प्रबंध दिला. खाऱ्या हवेत माझा लेप मला वाटला होता त्यापेक्षा लवकर उतरतो, असं त्यात निघालं आहे. ते मी तसंच लिहिलं. परीक्षकांचे अहवाल अजून यायचेत. आणि मागच्या आठवड्यात जावेला दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेने व्याख्यानाला बोलावल्याचं पत्र आलं. तिने ते मला आधी दाखवलं, सासूबाईंच्याही आधी. वाचताना छातीत नेहमीची कळ आली, नेहमीच्या जागी. मी पत्र परत दिलं, चष्मा पुसला आणि तिचं भाषण बघायला मागितलं. दोन तास बसून मी तिला सुचवलं की सुरुवात पेशंटपासून नको, प्रकाशापासून कर. तिने सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि सुरुवात पेशंटपासूनच ठेवली.